अँड्र्यूला नाही म्हणता येत नव्हतं तेव्हा

परवा भाचीसोबत 'बायसेंटेनियल मॅन' परत बघत बसले होते. तिला रोबोट बघायचा होता, मला रॉबिन विल्यम्स बघायचा होता, त्यामुळे दोघींचं पटकन जमलं. सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो, घरात नवीन आलेला रोबोट अँड्र्यू सगळ्यांना मान झुकवून, प्रत्येकाचं ऐकत वावरत असतो, आणि मोठी मुलगी ग्रेस, जिला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर नको असतो, त्याला खिडकी उघडायला सांगते. तो उघडतो. मग ती म्हणते उडी मार. आणि तो मारतो. वरच्या मजल्यावरून खाली आपटतो, कुठे काय वाकलंय कुठे काय निखळलंय अशा अवस्थेत परत घरात येतो. पूर्वी मी या सीनला हसले असणार, कारण तो काढलाय तसाच, थोडा गमतीत. पण भाचीने रिमोट उचलून सिनेमा थांबवला आणि विचारलं, "मावशी, त्याला नाही म्हणता येत नाही का?" मी म्हटलं नाही गं, त्याला बनवलंच तसं आहे. त्यावर ती म्हणाली, "पण आपण मोडणार हे त्याला कळत होतं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्यावर मी नुसतंच "बघू पुढे" म्हटलं आणि सिनेमा चालू केला. ती विसरली, मुलं विसरतातच, पण मला मात्र त्यानंतर सगळा सिनेमा त्या खिडकीतूनच दिसायला लागला.

कारण त्याला कळत असणार ना. विज्ञानकथालेखक आयझॅक अ‍ॅसिमॉव्हचे रोबोटांसाठीचे तीन नियम आपल्याला पाठ असतात, १९४२ पासून ते विज्ञानकथांमध्ये इतके वापरले गेलेत की कुणीतरी लिहून काढलेत हेसुद्धा लक्षात राहत नाही. माणसाला इजा करायची नाही, किंवा हातावर हात ठेवून इजा होऊ द्यायची नाही. माणसाची आज्ञा पाळायची, पहिला नियम मोडत नसेल तर. आणि स्वतःला जपायचं, पहिले दोन मोडत नसतील तर. आपण लहानपणापासून पहिल्या नियमाचं कौतुक करत आलो, की बघा किती सुरक्षित यंत्रं. पण तिसरा नियम दुसऱ्याच्या खाली का आहे याचा मी कधी नीट विचार केला नव्हता. स्वतःला जपायला हवं हे त्याला ठाऊक आहे, म्हणजे आपण मोडू हेही ठाऊक असणारच, फक्त एका चिडक्या मुलीच्या लहरीपुढे त्या ठाऊक असण्याला काही किंमत नाही. नियमांची उतरंडच तशी लावलीये. हे एकदा दिसलं की तो सीन मजेशीर राहत नाही.

ज्या कथेवरून हा सिनेमा आला ती अ‍ॅसिमॉव्हचीच, १९७६ सालची, तिला ह्युगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले होते. त्यात ही खिडकी नाहीये. त्यात याहून वाईट आहे. अँड्र्यू तोवर स्वतंत्र झालेला असतो, कपडे घालायला लागलेला असतो, एकटाच लायब्ररीत जायला निघतो आणि रस्ता चुकतो. दोन तरुण भेटतात. यंत्राने कपडे घातलेत हेच त्यांना आवडत नाही. ते त्याला कपडे उतरवायला सांगतात, डोक्यावर उभं राहायला सांगतात, आणि मग त्यांच्या डोक्यात येतं की याला स्वतःचेच हातपाय सुटे करायला सांगू. कोर्टाने स्वतंत्र ठरवलेला, पुस्तकं वाचणारा, स्वतःचे पैसे कमावणारा अँड्र्यू तिथे नाही म्हणू शकत नाही. कागदावरचं स्वातंत्र्य मिळालं तरी आतली तार तशीच. घरातल्या धाकट्या मुलीचा, लिटल मिसचा, मुलगा वेळेवर पोचतो म्हणून तो वाचतो. मी ही कथा खूप वर्षांपूर्वी वाचली होती, बाकी बरंच पुसट झालं, पण रस्त्यात खाली डोकं वर पाय करून उभा असलेला तो रोबोट गेला नाही डोक्यातून. त्याच्या जागी माणूस असता तर आपण त्याला अपमान म्हटलं असतं. तिथे माणूस नव्हता म्हणून काय म्हणायचं मग?

सिनेमात मात्र खिडकीनंतर लगेच एक वेगळं वळण येतं आणि मला ते फार आवडतं. घरातले सर, म्हणजे सॅम नील, सगळ्यांना बसवून सांगतात की अँड्र्यू कायद्याने वस्तू असेल, पण या घरात त्याला माणसासारखं वागवलं जाईल. लिटल मिस, धाकटी, तिचा काचेचा घोडा त्याच्या हातून पडून फुटतो. ती रडते, त्याच्याशी बोलत नाही. आणि तो एकटा बसून तिच्यासाठी लाकडाचा घोडा कोरतो. कुणी सांगितलेलं नसतं. ही आज्ञा नाही, दुरुस्ती नाही, फुटलेल्या वस्तूच्या बदल्यात तशीच वस्तू आणून देणंही नाही, कारण काचेच्या जागी लाकूड आहे आणि त्यावर त्याच्या धातूच्या बोटांनी ठरवलेल्या रेषा आहेत. सगळा सिनेमा पुढे दोन तास हा माणूस आहे की नाही याचा काथ्याकूट करतो, नवीन चेहरा, नवी त्वचा, नवी पचनसंस्था, कोर्टकचेऱ्या, आणि माझ्यासाठी ते त्या घोड्यापाशीच ठरून गेलेलं असतं. बाकी सगळं लोकांना पटवण्यासाठी.

रॉबिन विल्यम्सबद्दल थोडं लिहितेच. सुरुवातीचा मोठा भाग त्याचा चेहरा दिसतच नाही, त्या धातूच्या आवरणात तो आहे आणि चेहऱ्याचा इतका लवचिक नट दुसरा सापडणं कठीण, त्याच्याकडून चेहराच काढून घेतलाय. मग तो काय करतो तर उत्तर देण्याआधी एक क्षण थांबतो. मान जराशी तिरकी करतो. प्रश्न पोचला, आत गेला, तिथे काहीतरी हललं, मग उत्तर आलं, असं सगळं त्या एका क्षणात दिसतं. पुढे त्वचा येते, खरा चेहरा येतो, आणि तरी चालण्यातला ताठपणा तो एकदम सोडत नाही, हळूहळू सोडतो, दशकानुदशकं जावीत तसा. शेवटचा म्हातारा अँड्र्यू ग्रेग कॅनमच्या मेकअपचा, त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. हाच कॅनम, हाच दिग्दर्शक ख्रिस कोलंबस आणि हाच नट १९९३ मध्ये 'मिसेस डाउटफायर'मध्ये एकत्र होते, तिथे मेकअपचं ऑस्कर मिळालंही होतं. तिथे एक बाप स्वतःच्या मुलांजवळ राहता यावं म्हणून दुसरा चेहरा चढवतो. इथेही तेच की, आपल्या माणसांत राहता यावं म्हणून चेहरा मिळवायचा. १९९९ मध्ये सिनेमा फारसा चालला नाही, फार गोडगोड आहे असं बऱ्याच जणांना वाटलं. आहेही जागोजागी गोड, संगीत तर कधीकधी जास्तच. पण रॉबिन २०१४ च्या ऑगस्टमध्ये गेला, त्यानंतर हे थांबणं आणि मान तिरकी करणं बघताना मला त्या गोडाचा त्रास होत नाही.

आजोबांना पेसमेकर होता.

हे मधेच आलं असं वाटेल, पण मला तरी हा सिनेमा त्यांच्याशिवाय बघता येत नाही. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीखाली एक उंचवटा होता, मोठ्या नाण्याएवढा, कडा बोटाला लागायच्या. लहानपणी आम्ही मुलं हात लावून बघायचो, ते लावू द्यायचे. चेकअपला गेलं की टेक्निशियन छातीवर एक वायर असलेला चपटा तुकडा ठेवायचा आणि शेजारच्या मशीनवर सगळं यायचं, किती ठोके त्यांचे स्वतःचे, किती यंत्राने दिलेले, बॅटरी अजून किती वर्षं. आजोबांना त्यातला फक्त बॅटरीचा आकडा ऐकायचा असायचा. "अजून सात-आठ वर्षं आरामात" असं कुणी म्हटलं की बाहेर येताना चालच बदललेली. मला तेव्हा प्रश्न पडायचा की मशीनने दिलेले ठोके कुणाचे. आजोबांना असा काही प्रश्न पडायचा नाही. हृदय माझं, ठोके माझे, बॅटरी डॉक्टरांची, असं त्यांचं सरळ होतं.

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर मिळाला आर्ने लार्सन नावाच्या स्वीडिश माणसाला, ऑक्टोबर १९५८ मध्ये, स्टॉकहोमजवळ कॅरोलिन्स्का हॉस्पिटलमध्ये. त्याचं हृदय दिवसातून कित्येकदा थांबत होतं आणि त्याची बायको डॉक्टरांच्या मागे लागून लागून हे करवून घेणारी. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. मग दुसरं. पुढची त्रेचाळीस वर्षं तो यंत्रं बदलत जगला, एकूण २६, आणि २००१ मध्ये ८६ व्या वर्षी गेला तोसुद्धा हृदयाने नव्हे, कॅन्सरने. यंत्र बनवणारा रूने एल्मक्विस्ट आणि ऑपरेशन करणारा ओके सेनिंग, दोघांच्याही मागे तो राहिला. मला हे वाचल्यावर अँड्र्यूच आठवला, उलट्या बाजूने चालत येणारा. सिनेमात अँड्र्यू एकेक अवयव माणसाचा बसवत जातो, त्यासाठी लागणारं संशोधन करतो, आणि तेच अवयव आजारी माणसांना बसवले जातात. त्याच्या माणूसपणाचा निवाडा करायला बसलेल्या सभेतसुद्धा अशी माणसं असणार, आणि तो तिथे हाच मुद्दा मांडतो, की माझा शोध तुमच्या अंगात आहे तर तुम्ही थोडे यंत्र झालात का? नाही ना? मग मी किती बदललो की पुरे होईल?

आणि इथेच सभेचा अध्यक्ष जे म्हणतो ते मला आजही खटकतं. तो अवयवांच्या वादात फार अडकत नाहीच. तो म्हणतो की समाज न मरणारा रोबोट सहन करेल, पण न मरणारा माणूस सहन करणार नाही. मत्सर होईल, राग येईल. म्हणजे अडचण अँड्र्यूत काय कमी आहे ही नाहीये, त्याच्याकडे काय जास्त आहे ही आहे. आमच्यात यायचं तर आमच्यासारखं मर. लोक या सिनेमाबद्दल बोलताना म्हणतात की मृत्यूमुळे माणूस माणूस होतो वगैरे, त्यात काही अर्थ असेलही, पण ते वाक्य ज्या तोंडून येतं ते ऐकलं की मला त्यात शहाणपण दिसत नाही, अट दिसते. आणि ही अट घालणारे तेच, ज्यांना उडी मार म्हणायची सवय आहे.

कथेतला अँड्र्यू ही अट मान्य करतो आणि म्हणूनच मरतो, मान्यता हवी म्हणून. तो स्वतःच्या मेंदूत असा बदल करवून घेतो की हळूहळू शक्ती झिरपत जाईल. कथेची सुरुवातच त्या ऑपरेशनसाठी सर्जनला भेटण्यापासून आहे, सर्जन रोबोट आहे आणि तो नकार देतो, माणसाला इजा करता येणार नाही म्हणून. अँड्र्यूला सांगावं लागतं की मी रोबोट आहे. आयुष्यभर माणूस म्हणवून घेण्यासाठी झगडला आणि मरण्याची परवानगी मिळवायला रोबोट आहे असं सांगावं लागलं. अ‍ॅसिमॉव्हने हे किती सहज लिहून टाकलंय, आवाज न चढवता.

सिनेमात त्याआधी पोर्शिया येते. लिटल मिसची नात, हुबेहूब तिच्यासारखी, दोघी एम्बेथ डेव्हिड्ट्झनेच केल्यात. कथेत ही प्रेमकथा नाहीच. आधी मला ती चिकटवलेली वाटायची, आता तसं वाटत नाही. लिटल मिस जाते तेव्हा तिच्या हातात तो लाकडाचा घोडा असतो, पोर्शिया रडते, आणि अँड्र्यूला रडता येत नाही. त्याला दुःख आहे, ते बाहेर यायला वाट नाही, आणि तो विचारतो की मला जी जी माणसं जवळची वाटतील ती सगळी अशीच निघून जाणार का. सर गेलेले आहेत, लिटल मिस गेली. पुढे त्याला अश्रू मिळतात, चव मिळते, स्पर्श मिळतो, पण पोर्शिया सांगते की मी कायम राहणार नाही, राहायचं नाहीये मला, माणसाने यावं आणि जावं हेच बरोबर आहे. त्यानंतर तो त्याचं शरीर घडवणाऱ्या रूपर्टकडे जाऊन शरीरात रक्त घालून घेतो, जे त्याच्या आतल्या यंत्रणेला हळूहळू खात जाणार. हा निर्णय मला सभेच्या अटीपेक्षा वेगळा वाटतो. बाहेरून परिणाम एकच, अँड्र्यू मरणार. पण एकात तो सांगितल्यावर मरतोय, दुसऱ्यात त्याला मागे उरायचं नाहीये. 'ब्लेड रनर' सिनेमातल्या बिचाऱ्या कृत्रिम माणसांना चारच वर्षं दिलेली असतात आणि ते अजून थोडी मागायला आपल्या निर्मात्यापर्यंत जातात, ते लगेच समजतं, कुणालाही समजेल. अमर्याद आयुष्य हातात असून ते परत करणारा समजायला मला वय वाढावं लागलं.

आजोबा गेले तेव्हा पेसमेकर काढून घ्यावा लागला. दहनात बॅटरी फुटते म्हणून काढतातच. हॉस्पिटलच्या माणसाने तो एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला, गुळगुळीत, राखाडी, वर बारीक अक्षरात नंबर. मी विचारलं बंद आहे ना, तर तो म्हणाला नाही, चालूच असतो, बॅटरी आहे ना अजून बरीच. म्हणजे पिशवीतसुद्धा ते यंत्र आपलं काम करत होतं, ठोका नाही म्हणून ठोका देत होतं, समोर हृदयच नव्हतं. मला रडू तेव्हा आलं, आधी आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आजोबांसाठी आलं की त्या यंत्रासाठी हे मला त्या वेळी वेगळं करता आलं नाही, आजही येत नाही. मागे उरलेलं अँड्र्यूचं दुःख मला पटतं ते यामुळे. त्या पिशवीतल्या वस्तूला काही कळत नव्हतं, हे मला माहीत आहे. पण तिला कळलं असतं तर तिने काय मागितलं असतं?

२०१७ मध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या रोबोटला नागरिकत्व जाहीर केलं, एका परिषदेत, स्टेजवर, कॅमेऱ्यांसमोर. अँड्र्यूला दोनशे वर्षं लागली ते तिला एका घोषणेत मिळालं आणि तिने ते मागितलेलंही नव्हतं. मला त्या बातमीने काहीच वाटलं नाही. अँड्र्यूच्या निकालाला मात्र प्रत्येक वेळी घसा दाटतो. तो पलंगावर आहे, शेजारी पोर्शिया, समोर पडद्यावर जगाच्या सभेची नवी अध्यक्ष त्याला माणूस म्हणून जाहीर करतेय, त्यांचं लग्न कायदेशीर ठरवतेय, आणि ते चालू असतानाच तो जातो. त्याने ऐकलं की नाही, कळत नाही. पोर्शियाला त्याची चिंता वाटत नाही, त्याला ऐकायची गरज नव्हती असं तिला वाटतं. मलाही.

पण या वेळी माझं लक्ष पोर्शियाकडे नव्हतंच, नर्सकडे होतं. ती गॅलटिया. अँड्र्यू आपल्यासारखे दुसरे रोबोट शोधत जग फिरला तेव्हा त्याला सापडलेली, रूपर्टच्या घरी गाणारी नाचणारी, बडबडी, कुणीतरी चिपमध्ये घालून दिलेला स्वभाव घेऊन फिरणारी. अँड्र्यूला ती आवडली नव्हती, कारण तिचं सगळं चिपमधलं होतं आणि त्याचं आतून आलेलं. आता इतक्या वर्षांनी ती अगदी माणसासारखी दिसते, शांत झालीये. पोर्शिया तिला सांगते की मला जगवणारी यंत्रं बंद कर. आज्ञा म्हणून सांगते. आणि गॅलटिया अँड्र्यूचं ते जुनं, सेवा करता आली याचा आनंद आहे हे वाक्य म्हणून ती बंद करते.

मी यावर बराच विचार केला. दुसऱ्या नियमाने आज्ञा पाळायची, पण पहिल्याने माणसाला इजा होऊ द्यायची नाही, आणि पहिला वरचा आहे. नियमाप्रमाणे गॅलटियाने नाही म्हणायला हवं होतं, कथेतल्या त्या सर्जन रोबोटने म्हटलं तसं. लिहिणाऱ्यांकडून राहून गेलं असेल, किंवा शेवटच्या सीनमध्ये नियमांची आठवण कुणाला नको असेल, शक्य आहे. पण मला तसं मानायचं नाहीये. पोर्शियाने जगत राहणं हीच तिच्यासाठी इजा आहे, असं गॅलटियाने ठरवलं असेल तर? तर मग ते तिने ठरवलं. नियम तिला ते सांगू शकत नव्हता, कुठली इजा मोठी हे कुणीतरी तोलावं लागतं, पलंगावरच्या दोघांकडे बघून, त्यांचं सगळं आयुष्य माहीत असताना. जे अँड्र्यूला काचेचा घोडा फुटल्यावर जमलं ते तिला तिथे जमलं असं मला वाटतं, आणि तिच्याकडे तेव्हा कुणीच बघत नव्हतं, सभेचं लक्ष अँड्र्यूवर, पोर्शियाचं अँड्र्यूवर, आपलंही. तिने त्यानंतर काय केलं असेल, त्या खोलीतून बाहेर पडून कुणाकडे गेली असेल, तिला काही मागायचं असेल का, आणि मागितलं तर पुन्हा तीच अट घालतील का तिला, याच्यावर कुणी सिनेमा काढला तर मी पहिल्याच दिवशी जाईन.